घाईने छापलेला नवा करार : तरंगंबाडी, १७०६ ते १७१९

१७ ऑक्टोबर १७०८ रोजी तरंगंबाडीत बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग या जर्मन लुथरपंथी (म्हणजे प्रॉटेस्टंट) पाद्र्याने नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं, तमिळ भाषांतर हाती घेतलं. तेव्हा त्याला तमिळ मुलखात येऊन जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. ३१ मार्च १७११ ला भाषांतर संपलं. १७१४ मध्ये त्यातली पहिली पाच पुस्तकं, चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये, छापून निघाली, १७१५ मध्ये उरलेला भाग. भारतातल्या कुठल्याही भाषेत छापलेला हा पहिला नवा करार. त्याच्या तमिळवर टीका व्हायला फार वेळ लागला नाही, आणि पुढच्या दीडशे वर्षांत तेच काम इतरांनी पुन्हा पुन्हा नव्याने केलं.

सव्वादोन वर्षांच्या भाषेच्या भांडवलावर एवढं मोठं काम अंगावर घ्यावं का, हा या प्रकरणातला प्रश्न. माझं मत आधीच सांगतो. घ्यावं. झीगेनबाल्गची भाषा शिकण्याची पद्धत पाहिली की त्याची घाई उथळ नव्हती हे पटतं. गडबड झाली ती तपासणीच्या टप्प्यावर, आणि ती का झाली हे तरंगंबाडीच्या त्या छोट्या जगातच शोधायला हवं.

तरंगंबाडी आणि तिथले मालक

कावेरीच्या मुखाजवळ, कारैकालच्या उत्तरेला असलेलं हे किनाऱ्यावरचं गाव डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळवलं आणि तिथे डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. झीगेनबाल्ग आला तेव्हा तंजावरचं राज्य नायकांकडे राहिलं नव्हतं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात ते घेतलं होतं आणि आता गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते. म्हणजे डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी ज्या दरबाराला दरसाल खंडणी भरत होती तो मराठ्यांचा दरबार होता, आणि १६९९ मध्ये तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढाही घातला होता. आपल्याकडे तंजावर म्हटलं की सरस्वती महाल आणि बृहदीश्वरातला मराठी शिलालेख आठवतो. त्याच राज्याच्या कडेला हे सगळं घडत होतं.

कंपनीला मिशनरी नको होते. व्यापारात धर्म आला की स्थानिकांशी भांडण ओढवतं, वर नोकरचाकर आणि गुलाम हाताबाहेर जातात, हा तिचा हिशोब. मिशनरी हवे होते डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला. डेन्मार्कमध्ये कुणी तयार होईना, म्हणून त्याच्या दरबारच्या पाद्र्याने, ल्युटकेन्सने, जर्मनीतून दोघे शोधले : झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युटशाउ. दोघांची घडण हाले इथल्या आउगुस्ट हेरमान फ्रांके याच्या पंथातली. या पंथात बायबल रोज वाचायचं, मूळ भाषांतून वाचायचं आणि मुलांना शाळेत शिकवायचं, यावर सगळा भर.

झीगेनबाल्ग सॅक्सनीतल्या पुल्सनिट्सचा, जन्म १६८२. आईबाप लहानपणीच गेले. तब्येत कायमची तोळामासा. आजारपणामुळे हालेतलं शिक्षणही अर्धवट सुटलं. असा माणूस सात महिन्यांहून जास्त जहाजात काढून ९ जुलै १७०६ ला तरंगंबाडीला उतरला. वय चोवीसच्या आसपास. किल्ल्याचा कमांडंट हासियस याने पहिल्या दिवसापासून दोघांना खड्यासारखं बाजूला ठेवलं. गावात त्यांची राहायची सोयही धड झाली नाही. पुढे त्यांच्यासाठी युरोपातून आलेली पैशाची पेटी जहाजावरून किनाऱ्याला आणताना समुद्रात पडली, तेव्हा कंपनीच्या लोकांना फारसं वाईट वाटलं नसावं.

दोघांनी कामं वाटून घेतली. किनाऱ्यावरच्या मिश्र वस्तीत पोर्तुगीज चालायची, ती प्ल्युटशाउकडे गेली. तमिळ झीगेनबाल्गकडे.

धूळपाटीपासून सुरुवात

गावात तमिळचं व्याकरण शिकवणारं पुस्तक नव्हतं, शब्दकोश नव्हता, आणि जर्मन येणारा शिक्षक तर नव्हताच. झीगेनबाल्गने काय केलं, तर एका म्हाताऱ्या शाळामास्तरांना त्यांच्या मुलांसकट आपल्या घरी बोलावलं. शाळाच घरात भरू लागली. हा हालेत ग्रीक आणि हिब्रू शिकलेला माणूस त्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि वाळूत बोटाने अक्षरं गिरवू लागला. आपल्याकडे धुळाक्षरं गिरवायची पद्धत होती, तीच.

अक्षरं आली, वाचता येऊ लागलं, पण अर्थ लागेना, कारण शाळामास्तरांना युरोपीय भाषा येत नव्हती. मग अळगप्पन नावाचा दुभाष्या ठेवला. जर्मन पत्रांत याला आलेप्पा म्हटलंय. कंपनीच्या नोकरीत राहिलेला हा माणूस पोर्तुगीज, डॅनिश, जर्मन आणि डच जाणत होता. मिशनऱ्यांना मदत करणं त्याला महागात पडलं. कंपनीची मर्जी फिरली आणि त्याला तरंगंबाडी सोडावी लागली. तो पुढे परत आला आणि मिशनच्या कामात पुन्हा लागला. झीगेनबाल्गने तमिळ लोकांना धर्माबद्दल प्रश्न पाठवून उत्तरं मागवली होती आणि ती जर्मन करून हालेला धाडली होती. त्या पत्रांतली बरीचशी याच अळगप्पनच्या हातची होती, असं आता अभ्यासक मानतात.

झीगेनबाल्गच्या दिवसाचा आराखडा त्याच्याच एका पत्रात आहे. सकाळी सहा ते सात लोकांना तमिळमधून ल्यूथरची प्रश्नोत्तरी समजावायची. सात ते आठ आदल्या दिवशीचे शब्द आणि वाक्प्रयोग घोकायचे. आठ ते बारा, म्हणजे सलग चार तास, आधी न वाचलेली तमिळ पुस्तकं शिक्षकाबरोबर वाचायची. एक लेखनिक शेजारी बसलेला. नवा शब्द किंवा नवी शब्दयोजना आली की त्याने ती उतरवून घ्यायची. दुपारी जेवताना कुणीतरी वाचून दाखवायचं. एक ते दोन विश्रांती, कारण उकाडा असह्य. दोन ते तीन धर्मशिक्षण, तीन ते पाच पुन्हा तमिळ ग्रंथ. मग प्रार्थना, दिवसभराच्या घडामोडींवर बोलणं. संध्याकाळी सात ते आठ लेखनिकाकडून वाचून घ्यायचं, कारण दिव्याच्या उजेडात वाचायला डोळे साथ देत नव्हते. रात्री जेवताना मुलांनी वाचून दाखवायचं.

या आराखड्यात एक गोष्ट चटकन दिसते. तो भाषा डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त शिकत होता. जेवताना, दमल्यावर, अंधार पडल्यावर कुणीतरी तमिळ वाचतंय आणि हा ऐकतोय. तीन वर्षं घोकंपट्टी करूनही हे साधत नाही.

पुस्तकं मिळवण्याची त्याची तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. ताडपत्रांवरचे ग्रंथ ज्यांच्याकडे होते ते परक्याला द्यायला तयार नसत. झीगेनबाल्गने आपले लेखनिक आत, गावोगाव धाडले आणि ब्राह्मण विधवांकडून त्यांच्या घरातल्या पोथ्या विकत घेतल्या. नवरा गेला की पोथी वाचणारं घरात कुणी उरत नसे आणि चार पैसे मिळाले तर बाईला हवेच असत. ही खरेदी मला पूर्ण निर्मळ वाटत नाही. पण त्यामुळे १७०८ पर्यंत त्याच्याकडे तमिळ ग्रंथांचा मोठा संग्रह झाला. त्याची सूची त्याने हालेला पाठवली, तिच्यात तमिळ लोकांनी लिहिलेल्या ११९ ग्रंथांची माहिती आहे. प्रत्येक ग्रंथ कशाबद्दल, कोण वाचतं, मुलांना शिकवतात की पंडितांचा आहे, अशा नोंदी. त्याच वर्षी त्याने तीन तमिळ नीतिग्रंथ जर्मनमध्ये आणले. शब्दसंग्रह दोन निराळे केले : एक रोजच्या गद्याचा, दुसरा काव्यातल्या शब्दांचा.

भाषांतराला बसलेला माणूस असा होता. उद्या कुणी जर्मन पाद्री पुण्यात येऊन सव्वादोन वर्षांत रामदासांपासून मोरोपंतांपर्यंत पोथ्या जमवून त्यांची टिपणं करत असेल, तर त्याला ‘भाषा कच्ची’ म्हणायची आपली छाती व्हायची नाही.

किल्ल्यातले चार महिने

भाषांतर सुरू होऊन महिनाभरच झाला होता, आणि झीगेनबाल्गला अटक झाली. कारण वरवर क्षुल्लक. एका तमिळ न्हाव्याच्या विधवेचा पैशाचा वाद होता. समोरचा माणूस कंपनीच्या नोकरीतला कॅथलिक दुभाष्या. झीगेनबाल्गने विधवेची बाजू घेतली. याआधीही डॅनिश मालकांच्या गुलामांना बाप्तिस्मा देऊन त्याने कमांडंटला दुखावलं होतंच. हासियसने याला बंडाळी ठरवलं आणि नोव्हेंबर १७०८ मध्ये त्याला डान्सबोर्गमध्ये टाकलं. सुरुवातीला कागद आणि शाईही दिली नाही. नंतर मिळाली, तेव्हा कोठडीत बसून त्याने पाद्रीपणाबद्दल आणि ख्रिस्ती जीवनाबद्दल लिखाण केलं. चार महिन्यांनी सुटका झाली.

१७०९ मध्ये योहान एर्न्स्ट ग्रुंडलर आला आणि झीगेनबाल्गला भरवशाचा सहकारी मिळाला. प्ल्युटशाउ १७११ मध्ये परत गेला. त्याच वर्षी मार्चअखेर भाषांतर पूर्ण झालं.

पुस्तक ग्रीकवरून केलं होतं, शेजारी ल्यूथरचं जर्मन आणि इतर युरोपीय भाषांतरं उघडी ठेवून. ल्यूथरच्या परंपरेत वाढलेल्या माणसासाठी यात नवल नाही. ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तोच मुळी घरच्या बाईला, गल्लीतल्या पोराला, बाजारातल्या माणसाला कळावा म्हणून. झीगेनबाल्गचं तमिळ गद्य या हट्टातून आलं.

पण तमिळमध्ये हा हट्ट अवघड होता. प्रतिष्ठेचं लेखन पद्यात व्हायचं. गद्य होतं ते टीकांचं, पत्रांचं, कागदपत्रांचं. धर्मग्रंथ गद्यात आणि तोही बोलीच्या जवळ, हे कानाला खटकणारच. झीगेनबाल्गच्या आधी जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी, विशेषतः रोबेर्तो दे नोबिलीने, ख्रिस्ती विषयांवर तमिळ गद्य लिहिलं होतं. त्यांची काही पुस्तकं याच्या हाती लागली आणि ख्रिस्ती परिभाषेचा बराच भाग त्याने तिथून उचलला. पंथाचं वैर बाजूला ठेवून शब्द घेतले, हे मला शहाणपणाचं वाटतं.

शंभर वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने याच अडचणीला दुसरं उत्तर दिलं होतं. त्याने बायबलचं भाषांतर केलंच नाही. त्याने क्रिस्तपुराण रचलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलेलं. ओवी मराठी कानाची, पुराणाचा साचा ओळखीचा. त्यामुळे आजही त्या भाषेचं कौतुक होतं. पण स्टीफन्सला कथा सांगायची मोकळीक होती. लुथरपंथी भाषांतरकाराला ती नव्हती. पौलाच्या पत्रातलं लांबलचक ग्रीक वाक्य त्याला तसंच्या तसं पेलायचं होतं, एक शब्द गाळायचा नाही आणि एक घालायचा नाही. दोन कामांची तुलना करताना हे विसरलं जातं.

चीजच्या डब्यांचं शिसं

हस्तलिखित तयार होतं, छापायचं कुठे? ताडपत्रावर लेखनिकांकडून प्रती करून घ्यायच्या तर वेळ लागे आणि पैसेही खूप. मदत आली ती लंडनहून, एसपीसीके या अँग्लिकन संस्थेकडून. जर्मन लुथरपंथी, डॅनिश राजा आणि इंग्रज संस्था असं हे तिरपागडं गणित जुळवलं ते लंडनच्या राजदरबारात असलेल्या आन्टोन बोएमे या जर्मन पाद्र्याने. त्याने झीगेनबाल्गची पत्रं इंग्रजीत आणली आणि ती वाचून लोकांनी पैसे दिले.

संस्थेने छापखाना, रोमन अक्षरांचे खिळे, कागद आणि फिंक नावाचा मुद्रक जहाजातून पाठवला. ब्राझीलजवळ फ्रेंचांनी ते जहाज पकडलं. तळाशी ठेवलेला छापखाना त्यांच्या नजरेतून सुटला. पुढच्या प्रवासात फिंक तापाने गेला. यंत्र आलं, चालवणारा नाही. शेवटी कंपनीच्या नोकरीतला एक जर्मन निघाला ज्याला मुद्रणकाम येत होतं, त्याच्यावर पोर्तुगीज छपाई सुरू झाली.

तमिळ खिळे हालेत ओतले गेले. ज्यांनी ओतले त्यांना तमिळ येत नव्हती. समोर फक्त तरंगंबाडीहून आलेला अक्षरांचा नमुना. १७१३ मध्ये योहान गॉटलिब आडलर ते घेऊन आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ. खिळे चांगले होते, पण फार मोठे. त्या मापात संपूर्ण नवा करार छापला तर कागद पुरणार नव्हता, आणि कागद युरोपातून यायचा. म्हणून आडलरने तरंगंबाडीशेजारच्या पोरैयारला लहान खिळे ओतायचं ठरवलं. शिसं कमी पडलं. इंग्लंडहून मिशनऱ्यांसाठी आलेल्या चीजच्या डब्यांची झाकणं शिशाची होती, ती वितळवली. त्या शिशाच्या अक्षरांनी नवा करार पुरा झाला. पुढे पोरैयारलाच कागदाची गिरणी काढली, पण ती फार काळ चालली नाही.

छापण्याचा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हस्तलिखित राहिलं असतं तर त्यातले दोष चार लेखनिकांना आणि दोन पाद्र्यांना माहीत झाले असते. छापल्यामुळे ते सगळ्यांना दिसले, विरोधकांनाही. टीकेचं पुस्तक व्हायला आधी पुस्तक व्हावं लागतं.

टीका, आणि तिचं मूळ

विरोधक जवळच होता. कॉन्स्टान्झो बेस्की हा इटालियन जेझुइट त्याच सुमारास तमिळ मुलखात आला होता. तमिळ जग त्याला वीरमामुनिवर म्हणून ओळखतं. तमिळमध्ये महाकाव्य रचणारा, व्याकरणं लिहिणारा हा माणूस. तरंगंबाडीच्या भाषांतराचं तमिळ त्याला अडाणी आणि ओबडधोबड वाटलं आणि लुथरपंथीयांविरुद्ध लिहिताना त्याने त्याची रेवडी उडवली. यात पंथाचं भांडण होतंच. पण नंतर लुथरपंथीयांनीही ती भाषा पुन्हा हाताळायला घेतली, तेव्हा बेस्कीचं सगळंच म्हणणं उडवून लावता येत नाही.

मग ११९ ग्रंथांची सूची करणाऱ्या, काव्यशब्दांचा वेगळा संग्रह ठेवणाऱ्या माणसाच्या हातून असं का झालं? लोकांना कळावं म्हणून बोलीकडे झुकण्याचा निर्णय हे एक कारण, ते वर आलंच. मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं. भाषांतर तपासलं कुणी? झीगेनबाल्गने आणि ग्रुंडलरने. दोघे जर्मन. तमिळ माणसं भोवती होती, पण ती पगारावर होती : लेखनिक, शिक्षक, दुभाष्या. मालकाचं वाक्य वाकडं आहे हे नोकराने कितीदा सांगायचं? आणि ज्या विद्वानाने ते बेधडक सांगितलं असतं, तो तरंगंबाडीच्या मिशनघरात यायला राजी नव्हता. याला अपवाद शाळामास्तरांचा कवी मुलगा, कणपति वात्तियार. तो मिशनच्या जवळ आला, ख्रिस्ती झाला आणि घरच्यांचा व जातीचा रोष त्याने ओढवून घेतला. त्याची कविता मिशनला मिळाली, पण नव्या कराराच्या वाक्यावर शेवटचा शब्द त्याचा चालावा अशी व्यवस्था नव्हती.

हे फक्त तरंगंबाडीचं दुखणं नाही. विल्यम केरीने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला तोही डॅनिश वसाहतीतूनच, बंगालमधल्या सेरामपूरहून. त्यामागे वैजनाथ पंडितांची मेहनत होती. मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती मराठी इकडच्या लोकांसाठी पुरेशी वाटली नाही आणि त्यांनी १८२६ मध्ये आपलं वेगळं भाषांतर काढलं. मराठी बायबलचा इतिहासही असाच, पहिलं घाईचं आणि मग दुरुस्त्यांवर दुरुस्त्या.

लांबचं ऑफिस

१७१४ च्या शरदात झीगेनबाल्ग युरोपला निघाला. बरोबर पेटर मलैयप्पन हा तमिळ तरुण. जहाजावरही जुन्या कराराचं भाषांतर चालू राहिलं आणि तमिळ व्याकरण लॅटिनमध्ये लिहून झालं. ते १७१६ मध्ये हालेत छापलं. राजा फ्रेडरिक तेव्हा युद्धात होता, म्हणून झीगेनबाल्गने त्याला श्ट्रालझुंडच्या छावणीत गाठलं. जर्मनीत मारिया डोरोथेआ साल्त्समानशी लग्न केलं आणि १७१६ मध्ये तिच्यासह परतला. हासियस गेला होता, नवा कमांडंट बरा होता. ११ ऑक्टोबर १७१८ ला तरंगंबाडीत न्यू जेरुसलेम चर्च उघडलं, ते अजून उभं आहे.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना धक्का आला तो कोपनहेगनहून. तिथे १७१४ पासून मिशनचं मंडळ होतं आणि त्याचा सचिव ख्रिस्तियान व्हेंट. त्याची ठाम कल्पना अशी की मिशनऱ्याने प्रेषितांसारखं गावोगाव हिंडून उपदेश करावा. शाळा, इमारती, छापखाने, बायकामुलं हे सगळं लोढणं. पैसा आखडला आणि पत्रांतून कडक शब्द येऊ लागले. ज्याने कधी तमिळ गाव पाहिलं नाही तो माणूस तिथली कामाची रीत ठरवत होता. फ्रांकेशीही आधी खटका उडाला होता. झीगेनबाल्गने १७१३ मध्ये दक्षिण भारतातल्या देवदेवतांवर मोठा ग्रंथ लिहून हालेला पाठवला, तेव्हा उत्तर आलं की तुम्हाला तिकडे पाठवलंय ते मूर्तिपूजा उपटायला, तिचा पसारा युरोपात मांडायला नव्हे. तो ग्रंथ १८६७ पर्यंत पडून राहिला. अखेर जर्मन मिशनरी गेर्मान याने मद्रासला छापला. आज धर्माच्या इतिहासाचे अभ्यासक झीगेनबाल्गचं नाव घेतात ते बरेचदा या नाकारलेल्या पुस्तकासाठी.

कोपनहेगनच्या त्या पत्रांनी झीगेनबाल्ग खचला, असं मिशनच्या इतिहासात लिहिलेलं असतं. पोटाचा जुना त्रास होताच. २३ फेब्रुवारी १७१९ ला तो गेला. वय ३६. जुन्या कराराचं भाषांतर रूथच्या पुस्तकापर्यंत आलं होतं. पुढच्या वर्षी ग्रुंडलरही वारला.

पुढे काय झालं

बेन्यामिन शुल्त्सेने जुना करार पुरा केला. १७२८ पर्यंत सगळं बायबल तमिळमध्ये छापून झालं. हा शुल्त्से नंतर हालेला परतला आणि तिथे त्याने क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्स या तरुणाला तमिळ शिकवली. श्वार्ट्स १७५० मध्ये तरंगंबाडीला आला, मग तंजावरला गेला, मराठीही शिकला. तुळजाराजांनी आपल्या दत्तक मुलाला, सरफोजीला, त्याच्याच हवाली केलं. सरफोजीराजांनी गादीवर आल्यावर तंजावरला देवनागरी छापखाना काढून मराठी पुस्तकं छापली, तेव्हा महाराष्ट्रात अजून छापखान्याचा फारसा पत्ता नव्हता. श्वार्ट्सच्या स्मरणार्थ त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतलं. मरणशय्येवरच्या पाद्र्याचा हात धरलेला मराठा राजा त्यात दिसतो. तंजावरला गेलात तर पाहा.

नव्या कराराची दुरुस्ती केली योहान फिलिप फॅब्रिशियसने. हा १७४० मध्ये आला आणि मद्रासच्या वेपेरीत राहिला. त्याचा नवा करार १७७२ मध्ये छापला गेला. झीगेनबाल्गला न मिळालेली गोष्ट त्याला मिळाली : वेळ. तीस वर्षं तमिळ कानावर पडल्यावर त्याने छापायला दिलं. व्यवहारात मात्र तो अगदीच भोळा. लोकांच्या ठेवी घेऊन पुढे कर्जाने दिल्या, त्या बुडाल्या आणि म्हातारपणी त्याला कर्जापायी तुरुंगात बसावं लागलं. लुथरपंथी तमिळ भाविक त्याच्या भाषांतराला सोन्यासारखं मानत.

एकोणिसाव्या शतकात रेनियस या मिशनऱ्याने पुन्हा प्रयत्न केला. मग श्रीलंकेतल्या जाफन्यात पीटर पर्सिव्हल या मिशनऱ्याने एक वेगळंच पाऊल टाकलं. त्याने सोबतीला घेतलं आरुमुग नावलर यांना. नावलर कट्टर शैव. ख्रिस्ती प्रचाराविरुद्ध आयुष्यभर लढलेले. तमिळ कुणाची बरोबर आणि कुणाची चूक हे मिशनऱ्याच्या तोंडावर सांगायला त्यांना काहीच अडचण नव्हती. त्या जोडीचं बायबल १८५० मध्ये निघालं. पण मद्रासकडच्या मिशनऱ्यांना ते पसंत पडलं नाही. १८७१ मध्ये हेन्री बोवर यांच्या नेतृत्वाखाली समितीने नवं बायबल केलं आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ते घेतलं. लुथरपंथीयांनी त्यानंतरही बराच काळ चर्चमध्ये फॅब्रिशियसचाच पाठ वाचला.